दहा वॅट कमी नाहीत

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय छत्तीस, नोकरी करतात, घरी चार वर्षांची मुलगी. दीड वर्षापूर्वी हौसेने इलेक्ट्रिक गिटार घेतली, आठवड्यातून एकदा शिकायला जातात. सराव होतो तो रात्री, मुलगी झोपल्यावर, अर्धा-पाऊण तास. घर वरच्या मजल्यावर, खाली एक वयस्कर जोडपं राहतं. आवाजाच्या भीतीने त्यांनी आजवर ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, घेतलाच नाही. गिटार तशीच, काही न जोडता वाजवतात. आता बँडमध्ये वाजवणारा त्यांचा एक मित्र आपला ५० वॅटचा, १२ इंची स्पीकरचा ट्यूब ॲम्प (काचेच्या निर्वात नळ्यांवर, म्हणजे ट्यूबवर चालणारा) स्वस्तात द्यायला तयार आहे. त्याचं म्हणणं असं, की एकदाच काय तो मोठा घ्यावा, छोटे ॲम्प म्हणजे खेळणी, सहा महिन्यांत कंटाळा येतो. शिक्षक सुचवतात की गिटारच्या जॅकमध्ये बसणारा हेडफोन ॲम्प पुरे. त्यांनी स्वतः मधला मार्ग म्हणून ५ वॅटचा ट्यूब ॲम्प हेरून ठेवला आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात: "खरं सांगायचं तर मी अजून इतकी बरी वाजवत नाही की ॲम्पवर खर्च करावा. छोटा घेतला तर पैसे वाया जातील, मोठा घेतला तर घरात वाजवता येणार नाही. कधीकधी वाटतं, गिटारच विकून टाकावी. तुम्ही काय सांगाल?"

नमस्कार,

तुमच्या पत्रात तीन ॲम्प आहेत, पण मी अडखळलो ते आधीच्या वाक्यावर. दीड वर्ष तुम्ही इलेक्ट्रिक गिटार काही न जोडता वाजवताय. आधी त्याबद्दल बोलू, कारण कोणता ॲम्प घ्यायचा याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

इलेक्ट्रिक गिटारचं अंग बहुतेक वेळा भरीव लाकडाचं असतं. अकूस्टिक गिटारसारखी पोकळी नसल्यामुळे तारेचा आवाज वाढवणारं तिच्यात काही नाही. तारांखालचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण विद्युत संकेत उठतो. तो ॲम्पमधून स्पीकरपर्यंत पोचतो तेव्हा कुठे त्या वाद्याचा आवाज पुरा होतो. म्हणून ॲम्पला मी वाद्याचाच अर्धा भाग मानतो. तुम्ही दीड वर्ष अर्ध्या वाद्यावर शिकताय, आणि तरीही टिकून आहात. "अजून इतकी बरी वाजवत नाही" असं लिहिताना हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

न जोडता वाजवल्याने हाताला दोन सवयी लागतात. पहिली जोराची. ऐकू यावं म्हणून उजवा हात नकळत दाबून मारतो, पिक (तार छेडायची छोटी चकती) तारेत खोल जातं. ॲम्प जोडल्यावर हाच जोर अंगाशी येतो: सूर सुरुवातीला किंचित चढा लागतो, तार फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांवर) खडखडते, हळू आणि जोरात यांतला फरकच उरत नाही. दुसरी सवय जास्त चिवट आहे. इलेक्ट्रिक गिटारवर एक तार वाजवताना बाकीच्या पाच गप्प ठेवाव्या लागतात. डाव्या तर्जनीने सूर दाबतानाच तिचं टोक शेजारच्या जाड तारेला नुसतं टेकवायचं, तिचाच आडवा भाग खालच्या बारीक तारांवर सैल पडू द्यायचा, आणि उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ (तारा गिटारच्या अंगावर टेकतात त्या पट्टीजवळ) उरलेल्या जाड तारांवर ठेवायची. न जोडलेल्या गिटारवर हे नाही केलं तरी काही बिघडत नाही, कारण त्या मोकळ्या तारांची गुणगुण ऐकूच येत नाही. ॲम्पवर थोडा गेन दिला (संकेत आतच वाढवून आवाज जाड, ताणलेला केला) की तीच गुणगुण सगळ्या सुरांवर पसरते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी जे असे 'कोरडे' वाजवून आलेले असतात, ते पहिल्यांदा ॲम्प लावला की दचकतात. आपल्याला काहीच येत नाही असं त्यांना वाटतं. येत असतं, फक्त निम्मं ऐकलेलं नसतं.

त्यामुळे आधी वाजवता येऊ दे, मग ॲम्प घेऊ, हा क्रम उलटा आहे. ॲम्प आत्ता घ्या. तो तुमच्या वाजवण्याला मिळायचं बक्षीस नाही, शिकण्याचं साधन आहे.

आता मित्राचं म्हणणं. ते प्रेमापोटी सांगताहेत आणि बँडमध्ये वाजवणाऱ्याच्या जागी त्यांचं बरोबरही आहे. पण वॅट म्हणजे काय याबद्दल बहुतेकांची समजूत जशी असते तशीच त्यांचीही दिसते: जास्त वॅट म्हणजे जास्त चांगला आवाज. वॅट म्हणजे ॲम्प स्पीकरला जास्तीत जास्त किती ताकद देऊ शकतो त्याचं माप. आवाजाच्या प्रतीशी त्याचा थेट संबंध नाही, आणि आपल्या कानाला ते मापही सरळ लागत नाही. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतकाच. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी ताकद दहापट करावी लागते. म्हणजे मित्राचा ५० वॅटचा ॲम्प आणि तुम्ही हेरलेला ५ वॅटचा, दोघांना सारखाच स्पीकर असेल तर पहिला दुसऱ्याच्या जेमतेम दुप्पट मोठा ऐकू येईल. दहापट नाही.

हेच गणित उलट बाजूने केलं तर तुमच्या घरासाठी ते आणखी उपयोगाचं आहे. गिटार ॲम्पमधला चांगला १२ इंची स्पीकर एका वॅटला, एक मीटर अंतरावर, ९७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. साधं बोलणं होतं ६० डेसिबलच्या आसपास. रात्री दार लावून तुम्ही ७० ते ७२ डेसिबलपर्यंत वाजवाल असं धरू. तेवढ्यासाठी त्या स्पीकरला एका वॅटचा तीनशेवा हिस्सासुद्धा भरपूर झाला. उरलेले एकोणपन्नास वॅट आणि काही, घरात फक्त वजन म्हणून पडून राहतील. त्यातही मोठ्या ॲम्पची व्हॉल्यूमची कळ शून्य आणि एकच्या मधे इतकी हळवी असते, की केसभर फिरवली तर काहीच ऐकू येत नाही आणि आणखी केसभर फिरवली तर मुलगी उठून बसते. ज्यांनी हे केलंय त्यांना विचारा. बरेच जण शेवटी ॲम्प बंदच ठेवतात.

इथे तुमच्या मधल्या मार्गाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण नेमक्या ह्याच विचाराने पुष्कळ जण ५ वॅटचा ट्यूब ॲम्प घेतात आणि हिरमुसतात. ट्यूब ॲम्पचा जो आवाज लोकांना आवडतो, तो जाडसर, पिकच्या जोराला ओ देणारा, त्याचा बराचसा भाग शेवटच्या टप्प्यातल्या पॉवर ट्यूबना ताण पडला की येतो. तो ताण यायला ॲम्प जवळजवळ पूर्ण उघडावा लागतो. ५ वॅट पूर्ण उघडले तर वरच्याच हिशेबाने एक मीटरवर १०४ डेसिबल होतात. इमारतीत रात्री दहा वाजता हे शक्य नाही. मग तो ॲम्पही तुम्ही एकाच्या खालीच वाजवणार, आणि ज्या गुणासाठी त्याचे जादा पैसे मोजले तो गुण कधी ऐकणारच नाही. काही ट्यूब ॲम्पना ताकद अर्धा वॅट किंवा त्याहूनही खाली आणायचं बटण असतं. त्याने फरक पडतो, पण अर्धा वॅटसुद्धा घरात पुष्कळ मोठा असतो. शिवाय ट्यूब झिजतात, बदलाव्या लागतात. स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प चालवला तर आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात, म्हणून झाकण घरी कधीच उघडायचं नाही. ट्यूब ॲम्पबद्दल माझ्या मनात आकस नाही. तुमच्या आत्ताच्या खोलीत, आत्ताच्या वेळेला तो तुमच्या कामाचा नाही, एवढंच.

दुसरी एक गोष्ट कानाबद्दल. १९३३ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी दाखवून दिलं, की आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे, खर्जाचे सूर मधल्या सुरांच्या मानाने फार कमी ऐकू येतात. तीव्र टोकालाही थोडं तसंच होतं. आवाज वाढवला की ही तफावत कमी होते. म्हणून दुकानात दणदणीत वाजवून पसंत केलेला ॲम्प घरी हळू आवाजात पातळ, निर्जीव वाटतो. ॲम्प तोच असतो, ऐकण्याची पातळी बदललेली असते. घरासाठी ॲम्प घेताना माझ्या मते पाहायची मुख्य गोष्ट हीच: तुम्ही ज्या आवाजात रोज वाजवणार, त्या आवाजात तो भरीव वाटतो का. मोठ्या आवाजात तो काय करतो हे तुमच्यासाठी जवळजवळ गौण आहे.

आणि 'खेळणी'? क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे बेसवादक जॉन डीकन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, कुणीतरी टाकून दिलेल्या सर्किट बोर्डापासून एक छोटा ॲम्प घरी बनवला. तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा आणि त्याची ताकद जेमतेम एक वॅट. बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी क्वीनच्या ध्वनिमुद्रणांत गिटारचे थरावर थर चढवून जे वाद्यवृंदासारखे भाग रचले, त्यांतल्या कितीतरी भागांत तोच ॲम्प आहे. स्टुडिओत मायक्रोफोन स्पीकरपासून काही इंचांवर असतो, तिथे मोठेपणाचं काही चालत नाही. फेंडर कंपनीचा चॅम्प हा जेमतेम ५ वॅटचा ॲम्प विद्यार्थ्यांसाठी म्हणून निघाला आणि पुढे स्टुडिओवाल्यांचा लाडका झाला.

लहान असणं म्हणजे सगळंच सारखं, असं मात्र नाही. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की तिचा मूळ सूर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो. तीन इंची स्पीकर लहानशा डब्यात बसवला तर त्याला तो सूर पेलत नाही. वरचे उपसूर ऐकू येतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो. तळहातावर मावणारे ॲम्प प्रवासाला, बाकावर बसून वाजवायला फार छान. रोजच्या सरावाचा एकुलता एक ॲम्प म्हणून मी ते सुचवणार नाही. साडेसहा किंवा आठ इंची स्पीकर आणि थोडं पोट असलेली पेटी आली, की खर्जाला जागा मिळते. टेबलावर ठेवायचे, दोन छोटे स्पीकर असलेले नव्या पद्धतीचे ॲम्प आहेत, यामाहाची टीएचआर मालिका किंवा पॉझिटिव्ह ग्रिडचा स्पार्क यांसारखे. त्यांत ही उणीव आतल्या प्रक्रियेने भरून काढलेली असते आणि हळू आवाजात ते खरंच चांगले वाजतात.

तुमच्यापुढे खरी निवड दोन जातींत आहे. पहिली, साधा सॉलिड स्टेट ॲम्प: ट्रान्झिस्टरवर चालणारा, एक क्लीन (स्वच्छ, न ताणलेला) आवाज, एक गेनचा, बास-ट्रेबलच्या आणि काहींत मिडलचीही कळ, हेडफोनचं भोक, बस्स. ऑरेंजचे क्रश १२ आणि क्रश २०, व्हॉक्सचा पाथफाइंडर १० हे ह्या जातीतले. दुसरी जात मॉडेलिंग ॲम्पची. ह्यांत संगणकी चिप वेगवेगळ्या ॲम्पचे आणि पेडलचे (आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या पेट्यांचे) आवाज उभे करते: बॉसचा कटाना, फेंडरचा मस्टँग एलटी २५, आणि वर सांगितलेले टेबलावरचे. मॉडेलिंगचा घरात मोठा फायदा हा, की जाड, ताणलेला आवाज हळू व्हॉल्यूमलाही मिळतो, कारण तो ताण खऱ्या ट्यूबवर पडतच नसतो. कटानाच्या ५० वॅटच्या ॲम्पला तर ताकद अर्ध्या वॅटवर आणायची कळ आहे. मित्राच्या ५० वॅटमध्ये आणि ह्या ५० वॅटमध्ये घराच्या दृष्टीने केवढा फरक आहे पाहा. नुसता आकडा वाचून ॲम्प का निवडू नये, ते ह्यावरून कळतं.

मॉडेलिंगचा धोकाही सांगतो, कारण तुमच्याकडे रात्रीचा अर्धा-पाऊण तासच आहे. आवाज शेकड्याने असतात, फोनवरच्या ॲपमध्ये आणखी हजारो. वीस मिनिटं आवाज निवडण्यात जातात, उरलेल्या दहात बोटं गरमही होत नाहीत. हे मी चांगल्या, शिस्तीच्या माणसांच्या बाबतीत पाहिलं आहे. घेतलात तर पहिल्याच रविवारी बसून दोन आवाज ठरवा: एक क्लीन, एक मध्यम गेनचा. ते साठवून ठेवा आणि महिनाभर ॲपला हात लावू नका. हे जमेल असं वाटत नसेल, तर बिनदिक्कत साधा सॉलिड स्टेट घ्या. शिकणाऱ्याला त्याने काहीही कमी पडत नाही, आणि कळा डोळ्यांसमोर असल्यामुळे बास वाढवला की काय होतं, मिडल कापला की काय होतं, हे कानाला लवकर कळतं.

तुमच्या शिक्षकांनी सुचवलेला हेडफोन ॲम्प, व्हॉक्सचा ॲम्पप्लग किंवा फेंडरचा मस्टँग मायक्रो यांसारखा, वाईट नाही. काहीच न जोडण्यापेक्षा हजारपटीने बरा. खर्चाची आत्ता खरोखर ओढ असेल तर तो घ्या आणि आजपासून जोडून वाजवायला लागा. तरी एकटा तोच असावा असं मी म्हणणार नाही. हेडफोनवर आवाज थेट कानात येतो, खोलीतून फिरून येत नाही. हात आणि हवा यांच्यात जो संवाद होतो तो तिथे नसतो. घरच्यांनाही कधी तुमचं वाजवणं ऐकू येत नाही, आणि मुलीला आई काय वाजवते ते कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. शिवाय कानांची काळजी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलला आठवड्याचे पाचच तास उरतात, आणि हेडफोनवर ८९ पर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. गिटारच्या सुराची सुरुवात टोकदार असते, त्यामुळे केबल लावताना-काढताना व्हॉल्यूम शून्यावर ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

एक गोष्ट बहुतेक जण घेतल्यावर शिकतात: नेहमीचे ब्लूटूथ हेडफोन ह्या कामाला चालत नाहीत. ब्लूटूथवर आवाज पोचायला अनेकदा १०० मिलिसेकंदांहून जास्त उशीर होतो. साडेतीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाजही कानाशी यायला १० मिलिसेकंद घेतो, तेवढं हाताला खटकत नाही. त्याच्या दहापट झालं की पिक आणि सूर यांची फारकत होते, लय धरताच येत नाही. तार असलेले हेडफोन घ्या. गाणं किंवा तालाची साथ फोनवरून ॲम्पवर पाठवायला मात्र ब्लूटूथ चालतं, कारण तिथे उशीर झाला तरी तुम्ही ऐकू आलेल्या तालाबरोबरच वाजवता.

एवढं सगळं धरून, तुमच्या जागी मी १० ते २५ वॅटचा, साडेसहा ते आठ इंची स्पीकरचा सॉलिड स्टेट किंवा मॉडेलिंग ॲम्प घेईन. जागा कमी असेल तर टेबलावरचा. त्याला हेडफोनचं भोक हवं, आणि हेडफोन लावल्यावर स्पीकर आपोआप बंद व्हायला हवा. गेन आणि मास्टर व्हॉल्यूमच्या कळा वेगळ्या हव्यात, म्हणजे गेन वाढवूनही आवाज लहान ठेवता येतो. फोन जोडायची सोय हवी. ह्याच्या पलीकडे काही जादा मिळालं तर चांगलं, नाही मिळालं तर त्यासाठी थांबू नका.

पाहायला जाल तेव्हा स्वतःची गिटार घेऊन जा. दुकानातल्या भारी गिटारवर सगळेच ॲम्प छान वाटतात. विक्रेत्याला वाजवून दाखवू देऊ नका, किंवा त्याने वाजवल्यावर पुन्हा तुम्ही वाजवा, तुम्हाला येतं तेच, चार साधे कॉर्ड असले तरी. लाजू नका, तो ॲम्प तुमच्या हाताखाली कसा वाजतो हेच तर पाहायचं आहे. आवाज इतका ठेवा की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल. आधी क्लीन. जाड तार मोकळी वाजवून ऐका, मग हळूच, मग जोरात. फरक ऐकू येतो का? मग व्हॉल्यूमची कळ शून्यावरून अगदी सावकाश वर न्या. आवाज हळूहळू उगवतो की एकदम उसळतो, हे घरात रोज रात्री तुमच्या उपयोगी पडणार आहे. न वाजवता गिटार धरून उभ्या राहा आणि घूं-घूं किती येते ते ऐका. तुमच्या गिटारला सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे) पिकअप असतील तर थोडी येणारच. हमबकर प्रकारच्या पिकअपमध्ये दोन वेटोळी एकमेकांची घूं-घूं खोडतात म्हणून तिथे कमी येते. जागेवर थोडं फिरून पाहा, एखाद्या कोनात ती बरीच ओसरते. घरीही मोबाइलचा चार्जर, दिव्याचा डिमर यांच्यापासून लांब बसलात तर फरक पडेल.

वापरलेला घ्यायला माझी काही हरकत नाही, उलट सॉलिड स्टेट ॲम्प वर्षानुवर्षं टिकतात. प्रत्येक कळ फिरवून खरखर येते का पाहा. थोडी खरखर साफ करून जाते. केबल लावून जॅक हलकेच हलवा, आवाज तुटत असेल तर सांधा सैल आहे. जाड तार वाजवताना स्पीकरमधून फडफड आली तर स्पीकरचा कागदी पडदा फाटलेला असू शकतो, तो सोडून द्या. आणि ॲडॉप्टर मूळचाच आहे ना ते विचारा. दुसऱ्याच व्होल्टेजचा किंवा उलट ध्रुवतेचा ॲडॉप्टर लावला तर ॲम्प कायमचा जाऊ शकतो.

खालच्या मजल्यावरच्या जोडप्याबद्दल. भिंतीतून तुमचे उंच सूर फारसे जात नाहीत. जातो तो खर्ज, आणि तो जमिनीतून जातो. ॲम्प फरशीवर ठेवला तर स्लॅबच थरथरतो. तो खुर्चीवर किंवा घट्ट टेबलावर ठेवा, खाली जाडसर रबर किंवा फोमचा तुकडा घाला, खोलीच्या कोपऱ्यातून बाहेर काढा कारण कोपरा खर्ज वाढवतो. उंचावर ठेवण्याचा तुम्हालाही फायदा आहे: स्पीकर सरळ समोर फेकतो, फरशीवर असला की तीव्र सूर तुमच्या पोटऱ्यांवर आदळतात, तुम्हाला आवाज बोथट वाटतो आणि तुम्ही व्हॉल्यूम वाढवता. कानाच्या दिशेने असला की कमी आवाजातही सगळं स्पष्ट ऐकू येतं. मग एक दिवस खाली जाऊन त्यांना सांगा की मी गिटार शिकतेय, आणि घरातल्या कुणाला तरी वर जाड तारांवर वाजवायला बसवून तुम्ही त्यांच्या खोलीत उभ्या राहून ऐका. खाली किती ऐकू येतं याचा अंदाज करत बसण्यापेक्षा हे फार सोपं आहे, आणि कुठल्या वेळेपर्यंत चालेल ते त्यांनाच विचारता येतं. त्या वेळेनंतर हेडफोन.

घरी आणल्यावर ॲम्प कपाटात ठेवू नका. केबल जोडलेली, गिटार स्टँडवर, बटण दाबलं की आवाज, अशी मांडणी करा. दिवसभराच्या दगदगीनंतर रात्री दहा वाजता पेटी उघडणं, केबलचा गुंता सोडवणं, आवाज जुळवणं एवढं करायचं असेल तर आठवड्यातून चार रात्री ते राहूनच जातं. ॲम्प चालू केल्यावर आदल्या दिवशीचा आवाज लक्षात ठेवतो का, हेही म्हणूनच घेताना विचारा.

सरावाची पहिली पंधरा मिनिटं क्लीनवर वाजवा. डिस्टॉर्शन, म्हणजे गेनने ताणलेला आवाज, आवाजाची उंच-सखल पातळी सपाट करतं, त्यामुळे कमी-जास्त पडलेले फटके त्यात लपतात. क्लीनवर प्रत्येक फटका उघडा पडतो. मग गेनचा आवाज लावा, कारण मोकळ्या तारांची गुणगुण तिथेच पकडली जाते. ती पहिल्या आठवड्यात फार येईल. दीड वर्षाची सवय आहे, तर्जनीला तिची नवी जागा सापडायला काही आठवडे लागतील. त्या आठवड्यांत गिटार विकायचा विचार परत डोकावेल. तेव्हा निर्णय घेऊ नका. गिटार ठेवायची की नाही हा प्रश्न तुम्ही सहा महिने पुऱ्या वाद्यावर वाजवल्यानंतर स्वतःला विचारा, तोवर तो पुढे ढकला.

'सहा महिन्यांत कंटाळशील' याचं काय? घरासाठी घेतलेला ॲम्प कमी पडायची वेळ एकच असते: ड्रमरसोबत वाजवायला उभं राहिल्यावर. ड्रम जवळून सहज १०० डेसिबलच्या पुढे जातात, तिथे आठ इंची स्पीकर बुडून जातो. तिथे मित्राचा ५० वॅटचा ॲम्पच लागतो. पण त्या दिवशीसुद्धा तुमचा घरचा ॲम्प निकामी होणार नाही, कारण घर तेच असेल, मुलगी तिथेच झोपलेली असेल आणि सराव रात्री दहालाच होणार असेल. त्यामुळे छोटा घेतल्याने पैसे वाया जातात, ही भीती सोडा.

मित्राला नाही म्हणताना हेच कारण सांगा आणि सोबत एक मागणंही मागा. महिन्यातून एखादी दुपार, बँडची तालीम संपल्यावर, त्यांच्या खोलीत त्यांच्या ॲम्पवर अर्धा तास वाजवू द्या म्हणावं, व्हॉल्यूम चारवर ठेवून. जो माणूस स्वस्तात ॲम्प द्यायला तयार आहे, तो एवढ्याला नाही म्हणणार नाही.